'तुमचे सदस्यत्व संपले आहे'

सकाळचे सहा. संगमनेरच्या पुढे, आडरस्त्यावरच्या एका गावातलं दूध संकलन केंद्र. दारात किटल्या आणि कॅन घेऊन माणसं उभी. पहिल्याचं दूध काट्यावर, नमुना दूध तपासायच्या अ‍ॅनालायझरला लावलेला, आणि कॉम्प्युटरवर भलामोठा लाल चौकोन: 'तुमचे सदस्यत्व संपले आहे. पुढे जाण्यासाठी नूतनीकरण करा.'

तो लाल चौकोन माझ्या हातचा.

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत डिझायनर आहे. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो आणि ते महिन्याच्या पैशावर देतो. त्या सकाळी काय झालं ते मला कळलं ऑफिसात, चहाच्या वेळी, सपोर्टच्या मुलाकडून. तो हसत सांगत होता. त्या संस्थेच्या सचिवांनी चौकोन वाचला आणि पहिला फोन आम्हाला नाही, चेअरमनांना लावला. 'मला सभासदत्वावरून काढलं का? कधी ठरलं हे?' सहकारी दूध संस्थेत सदस्य म्हणजे संस्थेचा सभासद, दुसरं काही नाही. गावातलं अर्धं राजकारण त्या एका शब्दाभोवती फिरतं, आणि मी तो शब्द 'सबस्क्रिप्शन'साठी बेधडक वापरून मोकळी झाले होते. बहुतेक कुठल्यातरी हिंदी अ‍ॅपमधल्या 'सदस्यता'वरून उचलला असणार.

चेअरमनांशी बोलणं होईस्तोवर रांग रस्त्यापर्यंत गेली. शेवटी सचिवांनी वही काढली आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळचं संकलन हातानं लिहिलं.

मी हसले नाही. पुढच्याच आठवड्यात आदल्या रात्री संगमनेरला मुक्काम करून पहाटे साडेपाचला केंद्रावर हजर झाले. सचिवांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पुढचे दोन तास माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण वेळच नव्हता. माणूस पुढे येतो, कोड नंबर सांगतो, आबा नंबर-पॅडवर तो मारतात, एंटर. काट्यावरून लिटर आपोआप येतात, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक. परत एंटर. स्लिप बाहेर. पुढचा माणूस. आबांची नजर काट्यावर, पडद्याकडे जवळजवळ नाहीच. हात ओले.

मी म्हटलं, "आबा, माऊस कुठाय?"

"तो काय वर." कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. "दूध सांडतं त्याच्यावर. लागतो कशाला?"

माझ्या लाल चौकोनातलं 'नूतनीकरण करा' हे बटण फक्त माऊसने दाबता येत होतं.

त्याच भेटीत आणखी एक कळलं. माझ्या पोर्टफोलिओत मिरवायचा जो डॅशबोर्ड होता, रंगीत आलेख, फॅटचा महिनाभराचा चढउतार वगैरे, तो आबांनी एकदाही उघडला नव्हता. त्याचं फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते या गोष्टीचं की त्या आलेखावर मी सहा आठवडे घालवले होते आणि पैसे संपल्यावरच्या पडद्यावर एक दुपार.

संकलन संपल्यावर चहा झाला. मी विचारलं, पैसे संपले तर सॉफ्टवेअरने काय करावं? आबा म्हणाले, "ताई, मोबाइलचा रिचार्ज संपला तरी येणारे फोन चालू राहतात ना थोडे दिवस? मग आमचं दूध कशापायी अडवता?"

येताना एसटीत बसून मी वहीत दोन ओळी लिहिल्या. 'सदस्यत्व' काढा, 'रिचार्ज' लिहा. आणि संकलन कधीच अडवायचं नाही.

पहिली ओळ दहा मिनिटांत मंजूर झाली. दुसरीला दीड महिना लागला. आमच्या सरांचं म्हणणं सरळ होतं: दरवाजा बंद केला नाही तर पैसे कोण भरेल? त्यांचंही काही चुकत नव्हतं, पगार त्याच पैशातून होतात. मी वेगवेगळ्या तऱ्हेने मांडणी करून पाहिली. शेवटी जमलं ते असं: माप घेणं आणि स्लिप निघणं कधीच थांबणार नाही. चालू दहा दिवसांचं बिलही निघेल, कारण ते पैसे उत्पादकांचे आहेत, त्यात आपला संबंध नाही. त्यापुढचं नवीन बिल मात्र रिचार्ज केल्यावरच. जुना हिशोब कधीही उघडता आणि उतरवून घेता येईल. लाल चौकोन गेला, त्याजागी वरच्या कडेला एक पिवळी पट्टी आली: 'रिचार्ज संपला आहे. संकलन चालू राहील. २० तारखेनंतरच्या बिलासाठी एफ९ दाबा.' माऊस कपाटावरच राहू दे.

या दहा दिवसांनी मला आणखी एक चूक दाखवली. आमची फुकट चाचणी चौदा दिवसांची होती. का चौदा? सगळे चौदा ठेवतात म्हणून. आमच्या भागातल्या केंद्रांवर बिल १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असं निघतं. समजा कुणी ३ तारखेला चाचणी सुरू केली, तर ती १६ ला संपणार, म्हणजे दुसऱ्या बिलाच्या ऐन मध्यावर, पहिलं बिल अर्धवट आणि दुसरं निघायच्या आधी. त्या माणसाला आमच्या सॉफ्टवेअरचं खरं काम, म्हणजे दोनशे लोकांचं बिल पाच मिनिटांत, कधी धड दिसलंच नव्हतं. आता चाचणी दिवसांत मोजत नाही. दोन पूर्ण बिलं निघेपर्यंत फुकट.

मग पैशाचा पडदा. किंमत होती ४९९ रुपये. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शेवटच्या पायरीवर आकडा उगवायचा ५८८ रुपये ८२ पैसे. तिथे लोक थांबायचे. आम्ही ९९ चा मोह सोडला, ५०० अधिक ९०, आणि पहिल्याच पानावर लिहिलं: 'महिना ५९० रुपये, कर धरून.'

पण खरी गंमत ऑटो-पेमध्ये होती. यूपीआय ऑटो-पे एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, २०२० च्या जुलैमध्ये आणलं. एकदा पिन टाकून परवानगी दिली की दरमहा पैसे आपोआप कापले जातात, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही. त्या परवानगीत जास्तीत जास्त किती कापता येतील हा आकडा टाकावा लागतो. आमच्या डेव्हलपरने सोय म्हणून सरळ १५,००० टाकून ठेवला होता, उद्या भाव वाढवले तर परत परवानगी मागायला नको. ग्राहकाला यूपीआयच्या पडद्यावर काय दिसायचं? 'पंधरा हजारांपर्यंत'. एका केंद्रचालकाने मला विचारलं, "मॅडम, पाचशे नव्वद सांगताय आणि इथं पंधरा हजार लिहिलंय. खरं कुठलं धरू?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. आता तिथेही ५९० च टाकतो. भाव वाढवले की सगळ्यांची परवानगी नव्याने घ्यावी लागेल, हे मान्य करून.

दुसरं असं की पैसे कापण्याआधी निदान चोवीस तास ग्राहकाला सूचना जावी लागते. रिझर्व्ह बँकेचा तो नियम चांगलाच आहे, पण बँकेचा मेसेज येतो इंग्रजीत, आणि हल्ली 'डेबिट' शब्द दिसला की लोकांना आधी फसवणूक आठवते. कित्येकांनी घाबरून परवानगीच काढून टाकली होती. म्हणून तीन दिवस आधी आमचाच व्हॉट्सअ‍ॅप जातो, मराठीत: किती, कधी, कशाचे, आणि नको असेल तर बंद कुठे करायचं.

'बंद कुठे करायचं' यावर सर भडकले. तोपर्यंत बंद करायला सोमवार ते शुक्रवार दहा ते सहा या वेळात फोन करावा लागायचा. मी त्यांच्या टेबलावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं ठेवली. त्यात ग्राहकाला चकवणाऱ्या डिझाइनचे तेरा प्रकार दिलेत, इंग्रजीत त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. वर्गणीचा सापळा त्यात आहे, मागाहून किंमत वाढवत नेणं आहे, आणि आमच्यासारख्यांसाठी 'सास बिलिंग' असा वेगळा प्रकारच आहे, म्हणजे ऑनलाइन सॉफ्टवेअरचे पैसे ग्राहकाच्या नकळत कापत राहणं. सरांनी वाचलं, बाजूला ठेवलं. पटलं ते दुसऱ्याच कारणाने: सपोर्टच्या मुलाने हिशोब मांडला की त्याचा रोजचा अर्धा दिवस बंद करायला निघालेल्यांच्या शिव्या ऐकण्यात जातो. कायद्यापेक्षा तो कागद लागू पडला. असो, मला बटणाशी मतलब.

बटण आलं, तर त्याच्या शब्दांचा घोळ. माझा पहिला मसुदा: 'ऑटो-पे रद्द करायचे आहे का?' खाली दोन बटणं, 'रद्द करा' आणि 'रद्द'. एक म्हणजे ऑटो-पे रद्द, दुसरं म्हणजे हा विचारच रद्द. आठ वर्षं हे काम करून मी असं लिहिलं होतं. आता एकावर 'ऑटो-पे बंद करा', दुसऱ्यावर 'राहू दे, चालू ठेवा'. दुसरं थोडं रुंद झालं, आणि जुन्या फाँटमध्ये 'दे'ची मात्रा बटणाच्या वरच्या कडेला कापली जात होती, म्हणून ओळीची उंची वाढवली. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या बटणात मराठी बसवली की हे होतंच, वर मात्रा जाते नाहीतर खाली उकार.

पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी वर येतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलं होतं. आमचे चार जण गुण्यागोविंदाने पार पडले. पाचव्या एक बाई, स्वतःचं खासगी केंद्र चालवणाऱ्या, कॉम्प्युटर नाही, सगळं मोबाइलवर. त्यांनी रिचार्ज दाबलं, पडद्यावर आमचा सुबक क्यूआर कोड आला. त्या बराच वेळ फोनकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.

"आता हा फोन कुणाच्या फोनने स्कॅन करू?"

खोलीत आम्ही तिघं होतो आणि दीड महिना तो कोड रोज बघत होतो. त्या रात्रीच मोबाइलवर क्यूआरऐवजी थेट यूपीआय अ‍ॅप उघडणारं बटण आलं.

आबांचा पैसे भरायचा प्रश्न मात्र यातल्या कशानेच सुटला नाही. वापरणारा आणि पैसे देणारा एकच माणूस, असं मी, आणि ज्यांच्याकडून मी शिकले ते सगळेच, धरून चालतो. संस्थेचे पैसे संस्थेच्या खात्यात, आणि त्यांच्याकडे व्यवहार चेकनेच होतो, चेअरमन आणि सचिव अशा दोन सह्यांनी. ऑडिटला संस्थेच्या नावाचं पक्कं बिल लागतं. आम्ही वर्षाचं एकदम बिल काढायची सोय केली, पैसे भरायच्या आधीच ते छापता येतं, म्हणजे मीटिंगपुढे ठेवता येईल. चेक आला की सपोर्टचा मुलगा हाताने नोंद करतो. फार देखणा प्रकार नाही.

काल आबांचा फोन होता, सकाळी सातला. पोटात गोळा आलाच. "ताई, पट्टी पिवळी झालीय. चेक लिहिलाय, माझी सही झालीय, पण चेअरमन वारीला गेलेत."

"संकलन चालू आहे ना?"

"हो हो, ते चालूय. एवढंच सांगायचं होतं, की एकादशीनंतर येतील ते." मागून काट्याचा आवाज आला, कुणीतरी कोड नंबर सांगितला, आणि त्यांनी फोन ठेवला.