नव्वद हजारांचा कागद

आज दुपारी पुतण्या रत्नागिरीहून फाईल घेऊन आला. आयटीआय वेल्डर, हात चांगला. ‘काका, दुबईचं नक्की झालं. नव्वद हजार भरायचेत, शुक्रवारपर्यंत.’ पडवीत बसून कागद उलगडले. हातात फणसाचे गरे, त्यामुळे व्हिसाच्या झेरॉक्सवर चिकाचा अंगठा उमटला. बरंच झालं, कारण तिथेच बारीक अक्षरात लिहिलं होतं : व्हिजिट. म्हणजे फिरायला जायचा व्हिसा! त्यावर तिथे काम करणं बेकायदा.

‘एजंट म्हणतो, गेल्यावर बदलून देतो.’

मोबाईलवर ई-मायग्रेट, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी संकेतस्थळ, उघडलं. नोंदणीकृत एजंटांच्या यादीत याचा एजंट नाहीच. आपल्याकडे एजंटाला फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, तीही पावती देऊन. तिकडचा कायदा तर म्हणतो, भरतीचा खर्च मालकाने करायचा. मग हे नव्वद कसले?

पोरगा गप्प. आईने पाटल्या गहाण टाकायचं ठरवलंय, हे जाताना पायरीवर उभं राहून सांगितलं. वहिनींना फोन लावलाय, उचलत नाहीत. बाजारात गेल्या असतील. सोनाराकडे नसोत म्हणजे झालं.