बिनतारीला तार

रात्री झोपायच्या आधी लॅपटॉपने विचारलं, अपडेट करू का? म्हटलं, कर. सकाळी बघतो तर वायफाय गायब. बंद नव्हे, गायब. बंद असतं तर त्या पंख्यासारख्या चिन्हावर फुली तरी दिसली असती. इथे मेनूत ब्लूटूथ, बॅटरी, आवाज सगळे हजर, आणि वायफाय या शब्दाचाच पत्ता नाही.

"रिचार्ज संपलं असेल," आईने स्वयंपाकघरातूनच निदान केलं. तिच्या मते आमच्या घरातल्या यंत्रांचे आजार दोनच: रिचार्ज संपणं, आणि मी रात्री उशिरापर्यंत काहीतरी करत बसणं.

राउटर बंद केला, मनात तीसपर्यंत मोजलं, चालू केला. हे म्हणजे अंगारा लावण्यासारखं, आला तर आला गुण. फोनवर मात्र तेच वायफाय झकास चालत होतं.

"म्हणजे पलीकडची बाजू ठीक आहे," अप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "बिघाड तुझ्या टोकाला."

अप्पांची सगळी नोकरी तार ऑफिसात गेली. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, पण बिघाड कुठल्या टोकाला आहे ते आधी ठरवायचं, ही सवय काही सुटली नाही.

टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' टाइप केलं, म्हणजे लॅपटॉपच्या आत काय काय जोडलंय त्याची यादी मागवली. यादीत वायफायचं कार्ड निमूट बसलेलं. म्हणजे जिवंत होतं, त्याच्याशी बोलणारं कोणी नव्हतं.

"ड्रायव्हर नाहीये, अप्पा."

"पळाला?"

पळाला नव्हता, शिवलाच गेला नव्हता. माझा लॅपटॉप लिनक्सवर चालतो. बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच येतात. माझ्या कार्डाचा बाहेरून आणलेला. कर्नल बदललं की तो नव्या मापाने पुन्हा शिवावा लागतो, आणि हे शिवणकाम लॅपटॉपवरच आपोआप होतं. त्यासाठी नव्या कर्नलच्या 'हेडर्स' नावाच्या फायली लागतात. ती मापांची वही. रात्री गिऱ्हाईक आलं, शिंपी मशीनवर बसला, आणि वही कोणी आणलीच नव्हती. शिंपी गपचूप दिवा मालवून झोपला. माझा राग आहे तो त्या गपचूपवर. अपडेट यशस्वी झाल्याचा निरोप मात्र थाटात आला होता.

आता वही आणायची तर डाउनलोड करायला हवी. डाउनलोडला नेट हवं, आणि नेटसाठी वही. कपाटाची किल्ली कपाटात. (बूट मेनूत जुनं कर्नल राखून ठेवलेलं असतं, त्यात शिरलो असतो तर पाच मिनिटांत काम झालं असतं. हे मला संध्याकाळी आठवलं.)

फोनचं नेट यूएसबी केबलने लॅपटॉपला द्यायचं ठरवलं. ड्रॉवरमधून तीन केबली निघाल्या. पहिली लावली, फोन चार्ज होऊ लागला, टेदरिंगचं बटण राखाडीच. दुसरीचंही तेच. एव्हाना अप्पा पेपर ठेवून शेजारी येऊन उभे. त्यांना सांगितलं, साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन निरोपाच्या. काही स्वस्त केबलींत निरोपाच्या दोन घालतच नाहीत.

"निरोपाचीच तार वाचवतात?" अप्पांना ते भलतंच लागलं. त्यांनी ती केबल डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट पाहिली, जणू काटछाट बाहेरून दिसणार होती.

तिसरी चालली. हेडर्स उतरले, स्क्रीनवर ओळी धावल्या, शिंप्याने काम संपवलं. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर कोपऱ्यात पंखा हजर.

"कुठल्या मीटरवर चालतं हे?" अप्पांनी विचारलं. त्यांच्या डोक्यात लहरी अजून मीटरमध्येच.

"मीटर कसले? आपला राउटर २.४ गिगाहर्ट्झचा. लहर साडेबारा सेंटिमीटर."

त्यांनी बशीतला चहाचा चमचा उचलून वितीशी ताडून पाहिला. "एवढीशी?" आणि चमचा परत ठेवला.

दुपारी ड्रॉवर उघडला तर तिसऱ्या केबलच्या टोकाला लाल दोरा बांधलेला, गाठ घट्ट मारलेली. उरलेल्या दोन वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी: 'फक्त वीज'.

"पुढच्या अपडेटला लागेल," अप्पा म्हणाले.