देशभक्त घोटाळे आणि त्यांच्या शाहिराची जयंती

आमच्या चौकात दरवर्षी १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे यांची जयंती साजरी होते. यंदाच्या फ्लेक्सवर अण्णा भाऊ वरच्या कोपऱ्यात एका लहानशा वर्तुळात होते आणि उरलेली सगळी जागा शुभेच्छुकांनी हात जोडून व्यापली होती. ज्या माणसाने हयातभर अशाच हात जोडणाऱ्यांची सोंगे फडावर आणली, त्याला त्यांच्याच गर्दीत बसवलेले पाहून मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह अण्णा भाऊंनी १९४४ मध्ये लाल बावटा हे कम्युनिस्ट विचारांचे कलापथक उभे केले, तेव्हा त्यांच्यासमोरचा प्रेक्षक हा मुंबईतला गिरणी कामगार होता. गावाकडचा तमाशा त्याच्या अंगवळणी पडलेला होता. म्हणून अण्णा भाऊंनी साचा तोच ठेवला आणि आतला ऐवज तेवढा बदलला. सुरुवातीच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन आले, कृष्ण आणि गौळणी फडावरून गेल्या आणि वगातल्या, म्हणजे तमाशाच्या मुख्य नाट्यकथेतल्या, राजाच्या जागी सावकार, शेठजी व पुढारी येऊन बसले. ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘देशभक्त घोटाळे’ ही नावे नुसती वाचली तरी रोख कळतो. त्यातले शेवटचे नाव मला विशेष आवडते, कारण देशभक्त ही पदवी आणि घोटाळे हे आडनाव इतक्या सहजपणे शेजारी बसले आहे की सत्काराच्या पत्रिकेवरही ते छापता यावे.

ढोंग उघडे पाडण्याची तमाशाची रीत मला भाषणापेक्षा धारदार वाटते. भाषण करणारा पुढाऱ्यावर आरोप करतो आणि आरोपाला उत्तर देता येते. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, मात्र आरोप करीतच नाही. तो पुढाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो, त्याचे म्हणणे भोळेपणाने आणखी एक पाऊल पुढे नेतो आणि मग तितक्याच भोळेपणाने विचारतो की, मग आमच्या भाकरीचे काय? त्यातच मागे उभे असलेले झीलकरी मुख्य गायकाची ओळ उचलून पुन्हा पुन्हा घोळवू लागले की, गंभीर चेहऱ्याने दिलेले आश्वासनही तिसऱ्या आवर्तनात आपोआप हास्यास्पद होते. रागावणाऱ्याला धरायला काही सापडत नाही, कारण शब्द त्याचेच असतात.

सत्तेला हे कळत नव्हते असे मुळीच नाही. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने लाल बावटा पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली आणि तमाशावरही बंधने आली, तेव्हा अण्णा भाऊंनी आपल्या तमाशाला लोकनाट्य हे नाव दिले. बंदी घालणारे सरकार नुकत्याच मिळालेल्या स्वातंत्र्याचे होते, हे इथे विसरता येत नाही.

अण्णा भाऊंचा उपरोध सगळीकडे सारखाच चालला, असा दावा मी करणार नाही. ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ त्यांनी पूर्ण श्रद्धेने गायला आणि त्या फडात सोंगाड्याला जागा नव्हती. आपल्या बाजूच्या सत्तेची सोंगे काढणे सगळ्याच शाहिरांना जड जाते. पण सरकारी योजनांचे पोवाडे मानधन घेऊन गाण्याची जी प्रथा आज दिसते, तिच्यात आणि त्या श्रद्धेत मोठे अंतर आहे.

पुढे काळ बदलला. २००२ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. दोन्ही गोष्टींचा मला आनंदच आहे. मात्र त्यांच्या नावाने १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राज्य सरकारच्या विकास महामंडळात कोट्यवधींच्या गैरव्यवहाराचे प्रकरण २०१५ मध्ये गाजले आणि माजी अध्यक्षाला अटकही झाली. ‘देशभक्त घोटाळे’ लिहिणाऱ्याच्या नावाच्या पाटीखाली हे प्रकरण घडावे, याहून बोचरा वग खुद्द त्यांनाही सुचला नसता.

या वर्षी मी धीर करून आमच्या मंडळाच्या एका कार्यकर्त्याला विचारले की, डीजेऐवजी त्यांच्याच एखाद्या वगाचा प्रयोग का करू नये? तो भला माणूस आहे. त्याने फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांकडे एकदा पाहिले आणि आवाज उतरवून म्हणाला, “करू की साहेब, पण त्यात राजकारण नाही ना?”