अर्धा तास न थांबता: दम वाढवण्याची पुढची नोंद

मागच्या नोंदीच्या वेळी २ मिनिटं पळणं आणि १ मिनिट चालणं असं आलटून पालटून चाललं होतं. आता अर्धा तास सलग पळतो, आणि थांबताना आणखी थोडं जमलं असतं असं वाटतं. अर्धा तास गाठल्यापेक्षा हे ‘आणखी जमलं असतं’ मला जास्त मोलाचं वाटतं, कारण तसं वाटलं की दुसऱ्या दिवशीही पाय कुरकुरत नाहीत.

वेग मुद्दामच वाढवलेला नाही. किलोमीटरला ८ मिनिटांच्या आसपास, कधी त्याहून सावकाश. बदल दिसतो तो हृदयाच्या ठोक्यांत. त्याच वाटेवर, त्याच वेगाला पूर्वी ठोके १६० च्या वर जायचे, आता बहुतेक वेळा १५० च्या आत राहतात. मात्र घड्याळातला आकडा मी फक्त तुलनेसाठी पाहतो, वेग त्यावर ठरवत नाही. २२० मधून वय वजा करून कमाल ठोके काढण्याचं सूत्र सगळीकडे सापडतं, पण ते सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. त्या सूत्रावर आखलेले झोन (म्हणजे ‘ठोके इतक्या ते इतक्यात ठेवा’ असे पट्टे) नवख्याला विनाकारण घाबरवतात, नाहीतर विनाकारण दामटतात. शिवाय ऊन असेल किंवा पळणं लांबलं, तर वेग तोच असूनही ठोके हळूहळू चढत जातात. घामाने शरीरातलं पाणी कमी होतं, रक्त त्वचेकडेही वळवावं लागतं, मग प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि हृदय ठोके वाढवून ती तूट भरून काढतं. त्या दिवशी दम कमी झालेला नसतो.

माझी खरी कसोटी पाढ्यांची. पळता पळता बाराचा पाढा म्हणायचा. ‘बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस’ एका श्वासात झालं तर वेग बरोबर. ‘दुणे’पाशीच श्वास तुटला तर लगेच वेग कमी करायचा, चढ असेल तर सरळ चालायचं. एकट्याने पळणाऱ्यांना ही युक्ती मनापासून सुचवतो. सोबती असेल तर गप्पा आहेतच.

बोलत पळण्याची ही कल्पना जुनी आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये बैठं काम करणाऱ्या, व्यायाम सुटलेल्या माणसांना असंच सावकाश पळायला लावलं. आणि त्यांचाच शिष्य पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण जिंकला! दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठीही त्याच्या सरावाचा पाया लांब पल्ल्याच्या पळण्याचाच होता. हे वाचल्यापासून सावकाश पळताना मनात चलबिचल होत नाही.

आता पायांविषयी, कारण इथेच बरेच नवखे अडकतात. दम आणि पाय एका गतीने तयार होत नाहीत. नियमित पळायला लागल्यावर रक्तातला द्रव भाग एक-दोन आठवड्यांतच वाढू लागतो. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमध्ये केशवाहिन्या (अगदी बारीक रक्तवाहिन्या) आणि मायटोकाँड्रिया (पेशींतली ऊर्जा तयार करणारे भाग) वाढत जातात. हाडं आणि स्नायूबंध मात्र महिनोन्‌महिने घेतात. म्हणजे छाती ‘पळ’ म्हणते तेव्हा नडगीची तयारी झालेली असतेच असं नाही. म्हणून मी अजूनही लागोपाठ दोन दिवस पळत नाही. मधल्या दिवशी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर उचलायच्या आणि अगदी सावकाश खाली सोडायच्या, दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. गुडघा किंचित वाकवूनही करतो, कारण तसं केल्यावर पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूवर जास्त भार येतो, आणि पळताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण हाच स्नायू झेलतो. कंटाळवाणा व्यायाम आहे, पण मी तो पळण्याइतकाच गंभीरपणे घेतो.

दर आठवड्याला अंतर १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम तुम्हीही ऐकला असेल. सुरुवातीच्या छोट्या अंतरांना तो फारसा लागू पडत नाही असं माझं मत. १० टक्क्यांच्या हिशोबापेक्षा दोन-तीन आठवडे तेच अंतर ठेवायचं, मग एक पायरी चढायची, हे माझ्या पायांना मानवलं.

शूज तेच. झोप नीट झाली नसेल तर त्या दिवशी फक्त चालतो.

पुढच्या टप्प्यात आठवड्यातलं एकच पळणं ४० मिनिटांपर्यंत न्यायचं आहे, बाकीची आहेत तेवढीच. आणि एका दिवशी शेवटी २०-२० सेकंदांच्या चार स्ट्राइड्स: पूर्ण ताकद न लावता, मोकळ्या पायाने थोडं वेगात, मध्ये श्वास पूर्ण स्थिरावेपर्यंत चालणं. नडगीला हात लावून दुखलं तर स्ट्राइड्स लगेच बंद, ४० मिनिटांचं तेवढं चालू ठेवेन, तेही गरज पडली तर मध्ये चालून.