दुखणं नसलेल्याला दोन औषधं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नव्या औषधांच्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये मी काम करते, आणि लोकांचा प्रश्न ठरलेला: धडधाकट माणसाला एकदम दोन औषधं कशाला देता? रुग्णांवरच का बघत नाही?

रुग्णात गुंता फार. यकृत थकलेलं, पाच-सहा गोळ्या आधीच चालू. रक्तात औषध वाढलं तर दोष कुणाला द्यायचा? निरोगी माणसाला आधी नवं औषध एकटं देतो आणि ठरावीक वेळांना रक्त घेतो. ते शरीरातून निघून गेलं की काही दिवस इट्राकोनॅझोल देऊन पुन्हा तेच. बुरशीवरचं हे औषध सीवायपी३ए४ नावाचं विकर (एन्झाइम) अडवतं, आणि कितीतरी औषधं त्याच विकराच्या हातून मोडतात. टीबीवरचं रिफाम्पिसिन नेमकं उलट करतं: विकर वाढवतं, सोबतचं औषध झपाट्याने संपतं. म्हणूनच टीबीच्या औषधांवर असलेल्या बाईची गर्भनिरोधक गोळी निकामी ठरू शकते.

टर्फेनॅडिन ही अ‍ॅलर्जीवरची, झोप न आणणारी गोळी अमेरिकेत 1985 पासून विकली जात होती. किटोकोनॅझोल या बुरशीवरच्याच, तेच विकर अडवणाऱ्या औषधासोबत ती घेतलेल्या एका बाईच्या हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडल्याची नोंद 1990 मध्ये आली. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा निरोगी माणसांना ही जोडी दिली, तर सहाही जणांच्या ईसीजीत बदल दिसला. सहा माणसं पुरेशी ठरली! पण तोवर गोळी बाजारात येऊन आठ वर्षं झाली होती. 1998 मध्ये ती तिथून गेली. तिच्यापासूनच शरीरात तयार होणारं फेक्सोफेनॅडिन आज आपल्या केमिस्टकडे मिळतं.

धोका नसतो असं मी म्हणणार नाही. किटोकोनॅझोल आम्ही 'अडवणारं' म्हणून सर्रास वापरायचो. यकृताला इजा होते म्हणून 2013 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानेच ते टाळायला सांगितलं. आणि हो, बहुतेक जण पैशांसाठी येतात. त्यात लपवण्यासारखं काय? संमतीपत्र त्यांना कळेल अशा भाषेत हवं, आणि मधेच उठून जायची मुभाही.

आम्हाला खरी धास्ती वाटते ती न सांगितलेल्या गोष्टींची. ग्रेपफ्रूट, पपनस आधीचे काही दिवस बंद असतं, कारण त्यांचा रस आतड्यातलं तेच विकर अडवतो. त्याहून वाईट म्हणजे गेल्याच आठवड्यात दुसऱ्या केंद्रातली गोळी घेऊन आलेला माणूस. त्याच्या रक्तात तिसरं औषध असतं, आमच्या कागदावर दोनच.