जुलैचा चिखल, डिसेंबरचा घसारा: ५० किलोमीटरच्या ट्रेल अल्ट्राची तयारी आणि शूजची निवड

डिसेंबरातली ५० किलोमीटरची डोंगरी शर्यत कोल्हापुरात राहून धरायची, तर तयारी जूनच्या मध्यालाच सुरू होते. चोवीस आठवडे लागतात. त्यातले पहिले साडेतीन महिने पाऊस, मग ऑक्टोबरचं ऊन आणि पठारावरची कुसळं, शेवटी थंडीतली टणक, सुट्या दगडांची वाट. पायाखालची जमीन तीनदा बदलते. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक इथलीच. जुलैत चिखलात पाय घसरत होते म्हणून चिखलाचे शूज घेतले, आणि शर्यत चिखलात नव्हतीच. शर्यतीच्या, म्हणजे सिंहगड, राजगड, तोरणा या पट्ट्यातल्या वाटा डिसेंबरात कोरड्या ठणठणीत असतात: बेसॉल्टचे दगड, मुरूम, आणि उतारावर घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी खडी. सराव कुठंही करा, पण शूज शर्यतीच्या जमिनीसाठी घ्यायचे असतात.

आधी शर्यतीचा हिशेब, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब ती अल्ट्रा, एवढीच व्याख्या आहे. पण डोंगरात नुसतं अंतर काही सांगत नाही. दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर वाढवून मोजायचं. ५० किलोमीटर आणि एकूण २,००० मीटर चढ म्हणजे ७०. आपल्या शनिवारच्या लांब फेरीचाही तसाच हिशेब काढायचा: ३० किलोमीटर आणि १,२०० मीटर चढ म्हणजे ४२, त्याला सहा तास लागले तर तासाला ७. म्हणजे शर्यतीला किमान दहा तास. पाणी किती, खाणं किती, हेडलॅम्प लागणार का, कटऑफच्या, म्हणजे आयोजकांनी ठरवलेल्या वेळमर्यादेच्या, किती आत आहोत, ही सगळी उत्तरं या एका आकड्यातून निघतात. रस्त्यावरच्या मॅरेथॉनच्या वेळेवरून अंदाज बांधणारे हमखास चुकतात.

सुरुवात करताना २१ किलोमीटर न दुखता पळता आलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात एकूण ३५ किलोमीटर आणि ५०० मीटर चढ धरला, विसाव्या आठवड्यात ७० किलोमीटर आणि १,८०० मीटर. तीन आठवडे वाढवायचं, चौथ्यात साधारण एक तृतीयांश कमी करायचं. हा कपातीचा आठवडा गाळायचा मोह दर वेळी होतो, कारण दम लवकर वाढतो आणि पोटरीखालची शीर, घोट्याचे स्नायुबंध हळू तयार होतात. दुखापत या दोहोंमधल्या फरकातून होते.

मंगळवारी आणि गुरुवारी रंकाळ्याभोवती किंवा विद्यापीठाच्या आवारात आठेक किलोमीटर, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या सावकाश. बुधवारी चढ. पन्हाळा आसपासच्या सपाटीपासून साधारण ४०० मीटर उठतो, जोतिबाचा डोंगर शेजारीच. तिथली २०० मीटर चढ देणारी एक पायवाट पक्की करायची. सुरुवातीला दोन फेऱ्या, नंतर चार. शनिवारी लांब, आणि रविवारी थकलेल्या पायांनी पुन्हा लांब: सर्वाधिक अंतराच्या आठवड्यात शनिवारी २८, रविवारी १८. एकाच दिवशी ४५ किलोमीटर पळून पुढचे दहा दिवस लंगडण्यापेक्षा ही जोडी कितीतरी बरी. शहरापासून वाघबीळपर्यंतचं डांबर मी पळत नाही, दुचाकीनं जातो. ट्रेल शूजचं मऊ रबर डांबरावर खोडरबरासारखं झिजतं.

तीव्र चढ चालायचा असतो. त्यात कमीपणा नाही. पुढचे-मागचे सगळेच चालत असतात. पण चालण्याचाही सराव लागतो: कमरेतून न वाकता घोट्यातून पुढं झुकायचं, पावलं छोटी ठेवायची, हातांनी मांडीवर दाब द्यायचा.

उताराकडं मात्र फार थोडे लोक लक्ष देतात, आणि शर्यती तिथंच बिघडतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्यानं तंतूंना बारीक इजा होते, आणि दुखणं लगेच न येता एक ते तीन दिवसांनी येतं. चांगली बाजू अशी, की एकदा असा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच उतार पायांना कमी लागतो. म्हणून दर दहा-बारा दिवसांनी एकदा उतार मनापासून पळायचा, आणि असा शेवटचा उतार शर्यतीच्या अडीच आठवडे आधी. टाच पुढं टाकून थांबत थांबत उतरू नये. पावलं भराभर, गुडघे थोडे वाकलेले, नजर तीन-चार मीटर पुढं.

आता शूज.

कोल्हापूरच्या परिसरात तीन जमिनी भेटतात आणि तिन्हींना वेगळा सोल लागतो. पहिली उसाच्या शिवारातली पाणंद, काळी चिकट माती. दुसरी मसाई पठारासारखा जांभ्याचा सडा. तिसरी डोंगराची पायवाट: मुरूम, मुळं, सुटे दगड. सोलला जे दात असतात त्यांना लग्ज म्हणतात. ५ ते ८ मिलिमीटरचे, एकमेकांपासून लांब बसवलेले लग्ज चिखलात रुततात आणि पाय उचलला की माती झटकतात. तेच कडक कातळावर घातले तर फक्त दातांची टोकं टेकतात, पकडीचं क्षेत्र घटतं आणि पाऊल डगमगतं. कोरड्या, मिश्र वाटेला साडेतीन ते पाच मिलिमीटर पुरतात. पुढच्या भागातले दात चढताना माती मागं रेटतील असे आणि टाचेचे उलट्या दिशेचे, उतारावर ब्रेक लावणारे, असं पाहून घ्यावं.

काळ्या मातीला कुठलाच सोल पुरत नाही. ३०० ग्रॅमचा एक बूट पाणंदीतून अर्धा किलोमीटर गेल्यावर काट्यावर दुपटीहून जास्त भरला होता. पावसाळ्यात ती वाट टाळायची, एवढाच उपाय. शेवाळ धरलेल्या जांभ्याचंही तेच. एरवी खडबडीत असणारा हा दगड शेवाळल्यावर काचेसारखा होतो. तिथं पळायचं नाही, पाय सपाट टाकत चालायचं.

रबराची जात लग्जइतकीच महत्त्वाची. मऊ रबर ओल्या दगडाला धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण ओल्यात दगा देतं. नखानं दाबून फरक कळतो. व्हिब्रम या सोल बनवणाऱ्या कंपनीचं मेगाग्रिप रबर ओल्या खडकावर भरवशाचं आहे. व्हिब्रम हे नाव विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या नावातून आलं. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा सोबती गेल्यावर त्यानं १९३७ मध्ये दातांचा रबरी सोल आणला. पायाखालची पकड हा जिवाचा प्रश्न असू शकतो, हे त्या सोलच्या जन्मातच आहे.

माप घेताना संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय भरल्यावर घ्यायचं. कागद भिंतीला लावून टाच भिंतीला टेकवायची, पूर्ण वजन देऊन उभं राहायचं, सगळ्यात लांब बोटाशी खूण करायची. दोन्ही पायांचं माप घेऊन मोठा पाय धरायचा. दुकानातला नुसता नंबर फसवा असतो: यूकेचा एक नंबर सुमारे साडेआठ मिलिमीटरचा, युरोपचा सुमारे पावणेसात, आणि प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. बुटाच्या जिभेवरच्या चिठ्ठीत सेंटिमीटर लिहिलेले असतात, तेच वाचावेत. माझा पाय २६.४ सेंटिमीटर, रस्त्यावरचे शूज २७ चे, ट्रेलचे २७.५ चे बसले. दहा तासांत पाय सुजतो आणि उतारावर पुढं सरकतो, म्हणून बोटांपुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी, १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. काळी पडलेली नखं बहुतेक वेळा आखूड किंवा टाचेत ढिल्या बुटाचीच असतात.

दुकानात जाताना ज्या मोज्यांत पळणार तेच मोजे न्यावेत. आतली गादी काढून जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर उभं राहायचं. करंगळी किंवा चवडा बाहेर सांडत असेल तर ते शूज परत. दोन्ही टोकं धरून पिळायचं: अजिबात पिळत नसेल तर तिरक्या दगडावर घोटा वळेल, ओल्या कापडासारखं पिळत असेल तर तळवा दमेल. चवड्याखाली अंगठ्यानं जोरात दाबून पाहायचं. बोट आतपर्यंत जाणवत असेल तर टोकदार दगडही जाणवणार. सोलमध्ये रॉक प्लेट, म्हणजे पातळ कडक पट्टी, असेल तर दाब पसरतो. मग दुकानाचा जिना उतरायचा. सपाट फरशीवर सगळेच शूज छान वाटतात, बोटं पुढं आदळतात की नाही ते जिन्यावर कळतं.

कोल्हापुरात आपल्याला एक सवय आहे. नवीन चप्पल चावते, मग तिला तेल द्यायचं, चार दिवस घरात घालायची, आणि कातडं पायाचं होतं. हे पायताणाचं शहाणपण ट्रेल शूजना लावू नका. कृत्रिम जाळी आणि फोम पायाच्या आकाराला कातड्यासारखे येत नाहीत. दुकानात जो बूट करंगळीला चावला तो तिसाव्या किलोमीटरला तिथंच फोड आणणार.

ड्रॉप म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक. शून्य ते चार मिलिमीटरला पोटरी आणि टाचेची शीर जास्त काम करतात, आठ-दहाला गुडघा. चांगलं-वाईट काही नाही. पण दहावरून चारवर यायचं तर सहा आठवडे द्यावेत, आणि पहिल्यांदा आठवड्यातून एकच छोटी फेरी. फार जाड सोल लांब अंतराला सुखाचा, पण तिरक्या दगडावर घोटा वळायचा धोका वाढवतो. वॉटरप्रूफ शूज आपल्या पावसात घेऊ नयेत. ओढ्यात घोट्यावरून एकदा पाणी आत गेलं की ते बाहेर येत नाही. पातळ जाळीचे शूज पंधरा-वीस मिनिटांत बरंचसं पाणी बाहेर टाकतात.

मी शेवटी दोन जोड ठेवले. खोल दातांचा जून ते सप्टेंबरसाठी. चार-साडेचार मिलिमीटर दातांचा, रॉक प्लेट असलेला, ऑक्टोबरपासून आणि शर्यतीसाठी. शर्यतीच्या जोडावर तोपर्यंत ८० ते १५० किलोमीटर झालेले हवेत, त्यातली एक फेरी किमान ३० ची. कोरे शूज घालून शर्यतीला उभं राहू नये, आणि ६०० किलोमीटर झालेलेही नेऊ नयेत; फोम तोवर मेलेला असतो, वरून दिसत नाही. ओले शूज गादी काढून, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवायचे. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले की सोलचा डिंक सुटतो.

टाच उचलली जात असेल तर वरच्या जास्तीच्या भोकातून नाडीची छोटी कडी करून दुसऱ्या बाजूची नाडी तिच्यातून ओढायची. टाच जागेवर बसते आणि चवडा मोकळा राहतो. उतारापूर्वी तीस सेकंद थांबून हे करावं. सुती मोजे नकोत, ते ओल धरून कातडी मऊ करतात आणि फोड तिथूनच सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पठारावरची कुसळं मोज्यात घुसून टोचत राहतात, त्यासाठी घोट्यावर कापडी गेटर बांधला.

खाण्याचाही सराव करावा लागतो, पोटाला शिकवावं लागतं. पहिल्या लांब फेऱ्यांत तासाला ३० ग्रॅम कर्बोदकं, हळूहळू ६० पर्यंत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम. आपला गूळ इथं उत्तम चालतो: त्यातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी दोन्ही वाटांनी शोषली जाते. शेंगदाण्याचा लाडू पहिल्या दोन तासांत ठीक, नंतर तेलानं जड होतो. मग उकडलेला बटाटा आणि मीठ. एक लिटरसाठीची ओआरएसची पुडी बरोबर एक लिटर पाण्यातच घालायची, अर्ध्या लिटरमध्ये नाही. तिच्यात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम, म्हणजे ती क्षारांसाठी आहे, जेवण नव्हे. घाम मोजायला तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन करावं. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर. याहून जास्त साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजणं, मळमळ, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणं. गुडघा दुखतो म्हणून वाटेत आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नये, पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडावर ताण येतो.

पहाटे अंधारात किमान तीन फेऱ्या हेडलॅम्प लावून कराव्यात, सोबत कुणीतरी घेऊन. सड्यावर फुरसं असतं आणि ते मातीच्या रंगात मिसळून जातं. दगडावर हात टेकण्याआधी उजेड टाकावा.

शेवटच्या तीन आठवड्यांत अंतर ७० वरून ५०, ३५ आणि शर्यतीच्या आठवड्यात १५. गती तीच, फेऱ्या छोट्या. तीन दिवस आधी नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत. आदल्या रात्री वरण-भात आणि बटाटा. तांबडा रस्सा परत आल्यावर. पहाटे बोटांच्या बेचक्यांत, टाचेला, काखेत आणि मांडीच्या आत व्हॅसलीन, जिथं नेहमी फोड येतो तिथं कोरड्या कातडीवर टेप. पाठपिशवीत दीड लिटर पाणी, शिटी, एक जादा मोजा-जोड प्लास्टिकमध्ये. मधल्या थांब्यावर मोजे बदलताना बुटातली खडी झटकायची आणि गादीखालीही बोट फिरवायचं. बारीक मुरूम तिथं जाऊन बसतो.