एकाच कबरीच्या दोन खिडक्या : जेरुसलेम, हेब्रॉन आणि लोदचा प्रवास

२५ एप्रिल २०२३ रोजी सकाळी ११ वाजता जेरुसलेमच्या याफा रस्त्यावर भोंगा वाजू लागला आणि ट्राम जागच्या जागी थांबली. गाड्यांतून माणसे उतरून दाराशी उभी राहिली, समोरच्या बेकरीतल्या मुलीने हातातला चिमटा खाली ठेवला आणि पूर्ण दोन मिनिटे कोणी हलले नाही. तो इस्राएलच्या मृत सैनिकांचा आणि हल्ल्यांत बळी गेलेल्यांचा स्मृतिदिन होता, आणि त्याच संध्याकाळी सूर्यास्तानंतर स्वातंत्र्यदिनाचा जल्लोष सुरू व्हायचा होता. तेथून पायी पंधरा मिनिटांवर असलेल्या, जुन्या शहराच्या दमास्कस दरवाजापाशी मी दुपारी गेले, तेव्हा एक पॅलेस्टिनी फळवाला मला म्हणाला की त्यांचा दिवस १५ मे आहे. १४ मे १९४८ रोजी घोषित झालेल्या राज्याचा वाढदिवस इस्राएली लोक हिब्रू पंचांगाप्रमाणे साजरा करतात, म्हणून त्याची तारीख दरवर्षी पुढेमागे होते. पॅलेस्टिनी लोक त्याच काळातल्या आपल्या विस्थापनाला ‘नकबा’, म्हणजे महासंकट, म्हणतात आणि त्याचा शोक १५ मे रोजी पाळतात. हा विषय प्रत्यक्ष पाहायचा असेल त्यांनी एप्रिलअखेर ते मेचा मध्य हा काळ निवडावा, मात्र त्या वर्षीची हिब्रू तारीख आधी तपासून घ्यावी.

मी शाळेत इतिहास शिकवते आणि या प्रवासाला निघण्याचे कारणही शाळेतलेच होते. बेन-गुरियन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ दान बार-ऑन आणि बेथलेहेम विद्यापीठातील शिक्षणतज्ज्ञ सामी अदवान यांनी दोन्हीकडच्या शिक्षकांना एकत्र बसवून एक पाठ्यपुस्तक तयार केले होते. त्याच्या प्रत्येक पानावर एका बाजूला इस्राएली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी कथन आणि मध्ये विद्यार्थ्याने लिहावे म्हणून कोरी जागा आहे. दोन्ही शिक्षण मंत्रालयांनी त्याला मान्यता दिली नाही. त्या कोऱ्या जागेत मी स्वतः काय लिहीन, हा प्रश्न मला अनेक वर्षे सतावत होता, आणि म्हणून मी वहीची पाने त्याच पद्धतीने आखून नेली होती.

पहिल्या दोन दिवसांत मला एक गोष्ट उमगली आणि मागून जाणाऱ्यांना माझा मुख्य सल्लाही तोच आहे : समोरचा माणूस कोणत्या सालापासून गोष्ट सांगायला सुरुवात करतो, ते सर्वांत आधी टिपून ठेवावे. वाद घटनांपेक्षा प्रारंभाविषयी अधिक असतो. १९१७ च्या बाल्फोर घोषणेपासून, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनने दिलेल्या पाठिंब्यापासून, सुरू होणारी गोष्ट, २९ नोव्हेंबर १९४७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या फाळणी ठरावापासून सुरू होणारी गोष्ट आणि जून १९६७ च्या युद्धापासून सुरू होणारी गोष्ट या तिन्हींत तथ्ये खरी असूनही आरोपी निरनिराळे असतात.

इस्राएलने १९६७ च्या युद्धात ताब्यात घेतलेल्या वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनमध्ये हे जितके स्पष्ट दिसते तितके मला कोठेच दिसले नाही. पॅलेस्टिनी लोक या गावाला अल-खलील म्हणतात. १९९७ च्या करारानुसार गावाचे दोन भाग झाले; एक पॅलेस्टिनी प्रशासनाकडे आणि दुसरा, ज्यात जुने शहर आणि ज्यू वसाहती येतात, इस्राएली लष्कराच्या नियंत्रणाखाली. मी सकाळ पॅलेस्टिनी मार्गदर्शकाबरोबर आणि दुपार तेथील ज्यू वसाहतीतल्या मार्गदर्शकाबरोबर घालवली. सकाळच्या मार्गदर्शकाने सुरुवात केली २५ फेब्रुवारी १९९४ पासून, जेव्हा बारुख गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतवाल्याने इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारले आणि त्यानंतर शुहदा रस्त्यावरची दुकाने पॅलेस्टिनींची असूनही त्यांच्यासाठीच बंद होत गेली. कुलूपबंद हिरव्या दारांची ती रांग पाहताना तो फार बोलला नाही. कोणत्या दारामागे काय विकले जाई, एवढेच सांगत गेला. दुपारच्या मार्गदर्शकाने सुरुवात केली ऑगस्ट १९२९ पासून, जेव्हा येथील ६७ ज्यूंची जमावाने हत्या केली आणि शतकानुशतकांची ज्यू वस्ती उठली. अनेक ज्यूंना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवले होते, ही हकीकत मात्र मला सकाळच्या मार्गदर्शकाकडून कळली. दुपारी विचारल्यावर दुसऱ्यानेही ती नाकारली नाही. दोघांनाही एकमेकांचे साल ठाऊक होते, फक्त आपली गोष्ट कोणी तेथून सुरू करत नव्हते.

अब्राहमची कबर जेथे आहे असे मानले जाते, ती वास्तू मुसलमानांची इब्राहिमी मशीद आहे आणि ज्यूंची मखपेला गुहा. आत ती दोन भागांत विभागलेली असून वर्षातले १० दिवस एका समाजाला आणि १० दिवस दुसऱ्या समाजाला संपूर्ण वास्तू मिळते. दाराशी सैनिक धर्म विचारतो. ‘हिंदू’ म्हटल्यावर मला दोन्हीकडे सोडले. मशिदीच्या बाजूला स्त्रियांना टोपीचा झगा देतात. त्या झग्यात मी जाळीच्या खिडकीतून अब्राहमच्या नावाने बांधलेले, भरजरी कापडाने झाकलेले स्मारक पाहिले आणि पलीकडच्या खिडकीत प्रार्थना पुटपुटणाऱ्या एका म्हाताऱ्याची बोटे जाळीत अडकवलेली दिसली. दोन तासांनी मी त्या पलीकडच्या खिडकीशी उभी होते. कापड तेच होते, तरी तेथून त्याची दुसरी बाजू दिसत होती आणि समोरच्या खिडकीत आता कोणी नव्हते. शुक्रवारी मशिदीचा आणि शनिवारी ज्यूंचा भाग पर्यटकांना बंद असतो, म्हणून रविवार ते गुरुवार यांतलाच दिवस धरावा. पारपत्र आणि विमानतळावर मिळणारी प्रवेशाची कागदी चिठ्ठी सतत जवळ हवी, कारण इस्राएल पारपत्रावर शिक्का मारत नाही आणि ती चिठ्ठीच पुरावा असते.

जेरुसलेमच्या पश्चिम वेशीवर, मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, लिफ्ता हे १९४८ साली रिकामे झालेले गाव उभे आहे. छपरे कोसळलेली दगडी घरे, झरा आणि त्याच्या कुंडात डुंबणारी, किप्पा ही ज्यूंची छोटी गोल टोपी घातलेली मुले. घरांभोवती फड्या निवडुंगाची दाट कुंपणे आहेत. पॅलेस्टिनी गाव नकाशावरून पुसले गेले तरी निवडुंग उगवून येतो आणि गावाची हद्द दाखवतो. अरबीत या झाडाला ‘सब्र’ म्हणतात, ज्याचा दुसरा अर्थ धीर. हिब्रूत त्यालाच ‘सबरा’ म्हणतात आणि या भूमीत जन्मलेल्या ज्यूला तेच नाव आहे, बाहेरून काटेरी आणि आतून गोड म्हणून. एका पानावर कोणीतरी अरबीत नाव कोरले होते आणि त्याच्या खाली कोणीतरी हिब्रूत. तेथे जाताना पायांत घट्ट बूट घालावेत आणि पडक्या घरांच्या वरच्या मजल्यांवर चढू नये.

याद वाशेम या जेरुसलेममधल्या, नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारकाविषयी थोडे निराळे सांगायचे आहे. अनेक सहलींत सकाळी ते स्मारक आणि दुपारी एखादे उद्ध्वस्त पॅलेस्टिनी गाव अशी जोडी लावतात, जणू तराजूची दोन पारडी. मला ते योग्य वाटत नाही. ६० लाख ज्यूंचा युरोपात झालेला संहार हा पॅलेस्टिनींबरोबरच्या वादातला एक पक्ष नव्हे, आणि सुमारे ७ लाख पॅलेस्टिनींचे विस्थापन ही त्याची भरपाई किंवा त्याचा जबाब नव्हे. दोन्ही दुःखे एकमेकांशी जोडलेली आहेत, पण त्यांना वेगवेगळे दिवस द्यावेत. याद वाशेमला प्रवेश विनामूल्य आहे, वेळ आधी राखून ठेवावी लागते आणि शनिवारी ते बंद असते.

शेवटचा दिवस लोदसाठी ठेवला होता. बेन-गुरियन विमानतळ या गावाला लागूनच आहे, त्यामुळे प्रत्येक पर्यटक लोदच्याच मातीवर उतरतो, परंतु गावात कोणी जात नाही. जुलै १९४८ मध्ये इस्राएली सैन्याने लोद आणि शेजारचे रामले घेतले आणि दोन्ही गावांतल्या ५० ते ७० हजार पॅलेस्टिनींना बाहेर काढले. लोदमधील हकालपट्टीच्या हुकुमावर पुढे इस्राएलचे पंतप्रधान झालेल्या यित्झाक राबिन यांची सही होती, आणि त्या दिवसांत गावात असलेला जॉर्ज हबाश पुढे पॅलेस्टिनी सशस्त्र चळवळीचा नेता झाला. दहमश मशिदीत त्या दिवशी काय घडले, याविषयी आजही दोन कथने आहेत : एकात तो आश्रयाला आलेल्या लोकांचा संहार आहे, दुसऱ्यात शरण आलेल्या गावाने पुन्हा गोळीबार केल्यावर झालेली लढाई.

याच लोदमध्ये कोकणातून गेलेले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, राहतात. १९६४ साली बाराव्या वर्षी अलिबागजवळून आलेल्या एका मावशींकडे माझी सोय झाली होती. दारातच त्यांनी विचारले, “तू कुठली गं?” आणि उत्तराची वाट न पाहता चहा टाकला. त्यांची गोष्ट १९४८ पासून सुरूच होत नव्हती. ती सुरू होत होती त्यांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नापासून, कारण बेने इस्राएल खरे ज्यू आहेत की नाहीत याची शंका काढून रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, ते लावून देईनात. १९६४ च्या आंदोलनानंतरच ते मिटले. मी १९४८ विषयी विचारले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “आम्ही आलो तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. शाळेत कुणी सांगितलं नाही. बाजारातल्या भाजीवाल्यानं सांगितलं, त्याचे चुलते उन्हातून चालत रामल्लाला गेले म्हणून. मी त्याच्याकडून वीस वर्षं भाजी घेत होते.” अरब देशांतून आलेल्या लाखो ज्यूंचीही अशीच, दोन ठळक कथनांच्या कडेला राहिलेली गोष्ट आहे. माझ्या वहीतल्या मधल्या कोऱ्या जागेत मी त्या दिवशी पहिल्यांदा काही लिहिले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेले गेले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार ६० हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आता दोन्हीकडे नवे प्रारंभसाल तयार झाले आहे. हेब्रॉनमधला माझा सकाळचा मार्गदर्शक कळवतो की जुन्या शहरातले नाके कधी उघडतील याचा भरवसा राहिलेला नाही. म्हणून परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नये, वेस्ट बँकेत स्थानिक मार्गदर्शकाशिवाय जाऊ नये, भाड्याच्या इस्राएली गाडीचा विमा तेथे लागू आहे का ते विचारावे, आणि शुक्रवार दुपार ते शनिवार संध्याकाळ बहुतेक इस्राएली बस व रेल्वे बंद असतात हे ध्यानात ठेवावे. दमास्कस दरवाजाजवळच्या अरब बस तेव्हाही चालतात. विमानतळावर कोठे गेला होता असे विचारले तर खरे सांगावे.

लोदला जाणाऱ्यांनी जाड पोहे न्यावेत. मलिद्यासाठी, म्हणजे बेने इस्राएलांच्या पोह्यांच्या नैवेद्यासाठी, मावशींना ते आपल्याकडचेच हवे असतात.